इशाऱ्याचा दिवा आणि निदानाचा अधिकार : किल्लारी परिसराच्या संदर्भात टर्बो इंजिनाच्या दुरुस्तीचा इतिहास (१९३२ ते २०२२)

प्रस्तावना :

चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि त्याच वेळी गाडीची ओढ कमी होते, ही अडचण आज लातूर-नांदेड भागातील वाहनमालकांना चांगलीच परिचित आहे. गाडी बंद पडत नाही, परंतु चढ चढत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत हे घडले की 'टर्बो गेला' असा निष्कर्ष चटकन काढला जातो आणि अनेकदा तो चुकीचा ठरतो. वरवर पाहता हा केवळ तांत्रिक प्रश्न वाटतो. तथापि हा दिवा कोठून आला, तो कोणी आणि कशासाठी बसविला आणि त्याचा अर्थ वाचण्याचे साधन कोणाच्या हाती राहिले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, कारखाने आणि उत्पादन यांकडे अधिक लक्ष दिले जाते. यंत्र विकले गेल्यानंतरचे त्याचे दीर्घ आयुष्य, म्हणजे वापर, बिघाड आणि दुरुस्ती, त्या मानाने दुर्लक्षित राहते. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र यंत्राशी समाजाचा खरा संबंध दुरुस्तीच्या निमित्तानेच येतो. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी हे गाव लातूर-उमरगा मार्गावर वसलेले आहे. उमरगा येथे हा मार्ग सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. ऊस, प्रवासी आणि बाजाराचा माल यांची वाहतूक करणाऱ्या अशा गावात गाडीचा शक्तिक्षय हा रोजगाराचा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात किल्लारी परिसर केंद्रस्थानी ठेवून इंजिनाच्या निदानपद्धतीत झालेल्या बदलाचा मागोवा घेतला आहे. इशाऱ्याचा दिवा कायद्याने खेड्यापर्यंत पोहोचविला, परंतु तो वाचण्याचा अधिकार त्याच्याबरोबर पोहोचला नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हात, कान आणि धूर : यांत्रिक निदानाचा काळ

मराठवाड्यातील संघटित मोटार वाहतुकीचा प्रारंभ हैदराबाद संस्थानात झाला. निजाम राज्य रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी यांच्यासह सेवा सुरू केली. त्या वेळी किल्लारी हे गाव तत्कालीन उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात मोडत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. त्यानंतर या भागातील बससेवा एस.टी.च्या व्यवस्थेत आली. लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला. एस.टी.चे आगार, विभागीय कार्यशाळा आणि चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा ही मराठवाड्यातील वाहनदुरुस्तीच्या ज्ञानाची महत्त्वाची केंद्रे होत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील 'मोटार मेकॅनिक' आणि 'डिझेल मेकॅनिक' या अभ्यासक्रमांनी त्यात भर घातली. याखेरीज उस्तादाच्या हाताखाली काम शिकणाऱ्या कारागिरांची परंपरा रस्त्याकडेच्या गॅरेजांत वाढत गेली.

या काळातील बहुतेक वाहने महाराष्ट्रात किंवा महाराष्ट्राशी निगडित उद्योगांत तयार झालेली होती. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीप जोडण्यास प्रारंभ केला. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे ट्रक काढले आणि १९६६ नंतर पुण्यात विस्तार केला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिच्या डिझेल इंजिनांनी विहिरीवरचा पंप आणि पिठाची गिरणी यांच्या द्वारे खेड्यापाड्याला इंजिनाचा परिचय करून दिला. ज्या मिस्त्रीने विहिरीवरचे इंजिन उघडले, त्याला जीपचे इंजिन परके वाटत नसे. दोहोंचे मूळ तत्त्व आणि दोहोंतील डिझेल पंप व नोझल यांचे कार्य सारखेच होते.

ओढ कमी झालेल्या इंजिनाचे निदान त्या काळी इंद्रियांच्या आधारे होत असे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे, पांढरा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळत आहे किंवा पाणी आत शिरले आहे, अशी धुराची भाषा प्रत्येक मिस्त्रीला अवगत होती. कोणता सिलिंडर मंद आहे हे शोधण्यासाठी चालू इंजिनावर एकेका नोझलचा पाइप सैल करून आवाजातील फरक ऐकला जाई. पाइप सैल करूनही आवाज बदलला नाही, तर तोच सिलिंडर निकामी ठरे. डिझेलच्या वाहिनीत हवा शिरल्यास हातपंपाने ती काढली जाई. त्यापलीकडचा दोष असल्यास पंप आणि नोझल काढून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी कॅलिब्रेशनसाठी पाठवले जात.

या पद्धतीचे अवास्तव गौरवीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यात अंदाज होता, वेळ जाई आणि चुकाही होत. मात्र तिचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. दोष आणि त्याची खूण यांमध्ये तिसरा कोणी नव्हता. धूर, आवाज आणि कंपने सर्वांसाठी खुली होती. ती वाचण्यासाठी अनुभव लागे, परवानगी लागत नसे.

१९९३ चे किल्लारी : खुणा होत्या, वाचक नव्हता

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारीचे नाव जगभर पोहोचले. सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि दगडमातीची गावे जमीनदोस्त झाली. प्रस्तुत विषयाशी या घटनेचा संबंध दोन प्रकारे येतो.

पहिला संबंध वाहतुकीचा आहे. भूकंपानंतर पाऊस सुरू असतानाच लातूर, उमरगा आणि सोलापूरच्या बाजूने मदत घेऊन ट्रक, जीप आणि एस.टी. गाड्या या भागात आल्या. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५० हून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यासाठी लागणाऱ्या सिमेंट, खडी आणि लोखंडाची वाहतूक अनेक महिने सुरू राहिली. या वाहनांपैकी बहुतेकांची इंजिने संपूर्णतः यांत्रिक होती. त्यांच्यात संगणक नव्हता आणि इंजिनदोषाचा दिवाही नव्हता. रस्त्यात बंद पडलेली गाडी पाना, पक्कड आणि अनुभव यांच्या बळावर पुन्हा चालू करता येत असे. यांत्रिक निदानाच्या काळातील अखेरच्या पर्वाचे हे चित्र होय.

दुसरा संबंध अधिक मूलगामी आहे. भूकंपाच्या आधी एक वर्ष, म्हणजे १९९२ च्या उत्तरार्धात, किल्लारी परिसरात धक्क्यांची मालिका जाणवली होती. ऑक्टोबर १९९२ मधील धक्का तर घरांना हादरा देण्याइतका तीव्र होता. ग्रामस्थांनी खुणा अनुभवल्या होत्या. परंतु त्या काळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता आणि या धक्क्यांची सलग नोंद घेणारे भूकंपमापकांचे जाळे परिसरात नव्हते. अशा धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे निश्चित भाकीत करणे आजही शक्य नाही. त्यामुळे कोणाला दोष देण्याचा येथे प्रश्न नाही. मात्र खूण उमटणे आणि ती वाचली जाणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे किल्लारीइतक्या कठोरपणे क्वचितच कोठे सिद्ध झाले असेल. खुणेला अर्थ येण्यासाठी उपकरण, प्रशिक्षित वाचक आणि त्याच्या वाचनाला मान देणारी व्यवस्था अशा तिन्हींची गरज असते. भूकंपानंतर या भागात भूकंपमापक बसले आणि २००२ मध्ये सुधारित भूकंपप्रवणता नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात समाविष्ट झाला. वाहनाच्या दिव्याचा इतिहास हा अर्थातच फार लहान प्रमाणावरचा इतिहास आहे. पण तोही याच तीन गरजांभोवती फिरतो.

टर्बो, संगणक आणि दिव्याचा जन्म

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर पाते फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या पात्याने इंजिनात अधिक हवा कोंबावी, ही टर्बोचार्जरची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ च्या पेटंटमध्ये मांडली. प्रथम जहाजे व मोठी इंजिने, नंतर ट्रक आणि १९६२ मध्ये अमेरिकेत मोटारगाडी असा तिचा प्रवास झाला. मर्सिडीज कंपनीने १९७८ मध्ये टर्बो डिझेल मोटारगाडी बाजारात आणली. महाराष्ट्रातील रस्त्यांवर टर्बो डिझेल सामान्य झाले ते पुणे व नाशिक येथील कारखान्यांमुळे. १९९४ ची टाटा सुमो मूळ स्वरूपात टर्बोविना होती. १९९८ ची टाटा सफारी आणि २००२ ची महिंद्र स्कॉर्पिओ मात्र टर्बो डिझेल घेऊन आल्या. पुढे रांजणगाव येथील फियाट-टाटा प्रकल्पातील १.३ लिटरच्या मल्टीजेट इंजिनामुळे लहान मोटारींतही टर्बो आला. २००५ च्या सुमारास संगणकनियंत्रित कॉमन रेल पद्धती या वर्गातील गाड्यांत रुळू लागली. यांत्रिक पंपाची जागा सेन्सर, संगणक आणि विजेवर उघडणाऱ्या इंजेक्टरने घेतली.

इशाऱ्याच्या दिव्याचे मूळ मात्र वेगळे आहे. तो चालकाच्या सोयीसाठी जन्मला नाही. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेशी झगडणाऱ्या कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून, प्रदूषण वाढविणारा दोष गाडीनेच ओळखून दाखवावा, असा नियम केला. त्याची प्रगत आवृत्ती १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत बंधनकारक झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल मोटारींना २००४ च्या सुमारास ती लागू झाली. म्हणजे हा दिवा मूलतः सार्वजनिक हवेचा रखवालदार आहे. इंजिनाच्या आरोग्याविषयी तो जे सांगतो, ते त्या कामाच्या ओघात सांगतो.

भारतात ही वाट न्यायालय आणि धोरण यांच्या संयोगातून तयार झाली. दिल्लीच्या हवेसंबंधीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी क्षेत्रात युरोपीय धर्तीची मानके लागू केली. देशभर 'इंडिया २०००' ही मानके १ एप्रिल २००० पासून आली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. टप्प्याटप्प्याने पुढे जाण्याची ही आखणी होती. महानगरे आधी आणि उर्वरित देश नंतर, हे तिचे सूत्र होते. त्यानुसार १ एप्रिल २००५ रोजी मुंबई-पुण्यासह ११ शहरांत भारत स्टेज-३ आणि अन्यत्र स्टेज-२ लागू झाले. १ एप्रिल २०१० रोजी सोलापूरसह १३ शहरांत स्टेज-४ आणि उर्वरित देशात स्टेज-३ आले.

या दुहेरी व्यवस्थेचा अर्थ किल्लारीच्या संदर्भात स्पष्ट दिसतो. २०१० मध्ये सोलापुरात विकल्या जाणाऱ्या स्टेज-४ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० होती. सोलापूरच्या पुढे, स्टेज-३ च्या प्रदेशात ती ३५० होती. दोष ओळखून दाखविणारी यंत्रणा स्टेज-४ गाड्यांना २०१० पासून प्राथमिक आणि २०१३ पासून प्रगत स्वरूपात बंधनकारक झाली, म्हणजे तीही शहरांच्या वाट्याला आधी आली. परंतु गाडी नकाशाच्या रेषेवर थांबत नाही. शहरात नोंदलेली, दिवा असलेली गाडी वापरात किंवा जुन्या गाड्यांच्या बाजारातून ग्रामीण भागात येत होती आणि तेथील डिझेल भरून तेथील गॅरेजात जात होती. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० रोजी स्टेज-६ संपूर्ण देशात लागू झाले. त्यानंतर नव्या गाडीपुरते शहर आणि खेडे समान झाले. दुरुस्तीच्या साधनांबाबत मात्र तशी तारीख कोणी ठरवली नव्हती.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

या बदलाने निदानाचे स्वरूप कसे पालटले, हे टर्बो इंजिनाच्या शक्तिक्षयावरून समजून घेता येते. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन इंजिनात जाते. हवेचा दाब किती असावा हे संगणक ठरवितो, सेन्सर प्रत्यक्ष दाब मोजतो आणि दोहोंत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक अंतर पडल्यास दोषाचा संकेतांक नोंदवून दिवा लावला जातो. अपेक्षेपेक्षा कमी दाबासाठी 'पी ०२९९' आणि जास्त दाबासाठी 'पी ०२३४' हे संकेतांक सर्व कंपन्यांच्या गाड्यांना समान आहेत. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान, भार इत्यादी माहितीही साठविली जाते.

यानंतर संगणक इंजिनाचे संरक्षण म्हणून डिझेल व हवेचा दाब मर्यादित करतो. गाडी कशीबशी घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जावी, एवढीच शक्ती शिल्लक ठेवली जाते. ही बाब ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. पूर्वी शक्तिक्षय हा बिघाडाचा थेट परिणाम असे. आता तो पुष्कळदा संगणकाने घेतलेला निर्णय असतो. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही काळ गाडी नीट पळते, ती याच कारणामुळे. यंत्र दुरुस्त झालेले नसते, केवळ निर्णय तात्पुरता मागे घेतलेला असतो. जुन्या अनुभवावर विसंबणारा कारागीर अशा वेळी 'आपोआप बरे झाले' असे समजण्याचा संभव असतो.

'पी ०२९९' याचा अर्थ 'टर्बो निकामी' असा नाही. हवेचा दाब अपेक्षेइतका झाला नाही, एवढेच विधान त्यात आहे. हे रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे. दाब कमी होण्याची कारणे अनेक असतात. इंटरकूलरचा रबरी होज फाटलेला किंवा त्याची क्लिप सैल असू शकते, एअर फिल्टर धुळीने चोंदलेला असू शकतो, टर्बोचे नियंत्रण करणारी निर्वात नळी तडकलेली असू शकते, दाबाचा किंवा हवेचा सेन्सर काजळीने माखलेला असू शकतो, टर्बोच्या हलत्या पट्ट्या काजळीत अडकलेल्या असू शकतात. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप उघडी राहिली किंवा धुराची जाळी तुंबली, तरी ओढ कमी होते. डिझेल फिल्टर चोंदल्यास शक्तिक्षय तसाच जाणवतो, परंतु संकेतांक बहुधा इंधनाच्या दाबाचा येतो. म्हणून संकेतांक वाचावा, साठविलेली माहिती पाहावी, होज व नळ्या तपासाव्यात, मग सेन्सर, मग नियंत्रक आणि सर्वांत शेवटी टर्बो, हा क्रम शास्त्रशुद्ध ठरतो. दांड्यातील ढिलाई आणि ऑइलची गळती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय टर्बो बदलणे म्हणजे लक्षणालाच कारण मानणे होय.

या क्रमात एक विरोधाभास आढळतो. संकेतांक वाचण्यासाठी नवे उपकरण लागते. परंतु त्यानंतरच्या पायऱ्यांपैकी बहुतेक हात, डोळे आणि कान यांच्याच आहेत. फाटलेल्या होजचा फुसफुस आवाज, क्लिपभोवतीचा ऑइलचा ओशटपणा, टर्बोच्या शिट्टीत पडलेला फरक आणि भार पडताच येणारा काळा धूर या खुणा जुन्या मिस्त्रीला उपकरणाइतक्याच बोलक्या असतात. म्हणून जुने ज्ञान निरुपयोगी झाले असे म्हणता येत नाही. उपकरणाने दाखविलेल्या दिशेशिवाय ते अपुरे पडू लागले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दिवा न लागणे हाही नेहमी निर्दोषपणाचा पुरावा नसतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. फोक्सवॅगन समूहाने आपल्या एका टर्बो डिझेल इंजिनात, चाचणी ओळखून प्रदूषण कमी दाखविणारी संगणकीय योजना वापरल्याचे अमेरिकेत उघड झाले. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने चाचण्या घेतल्या. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. या प्रकरणात फलकावर कोणताही दिवा लागलेला नव्हता. यंत्राचे निवेदन तपासणारा स्वतंत्र वाचक का हवा, याचे हे ठळक उदाहरण आहे.

उपकरणाची मालकी आणि दुरुस्तीचा हक्क

अमेरिकेच्या १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने दिव्याची यंत्रणा सक्तीची केली आणि त्याच कलमात दुरुस्तीसाठी लागणारी माहिती स्वतंत्र कारागिरांनाही उपलब्ध करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमातही प्रदूषण मानके आणि दुरुस्तीच्या माहितीची उपलब्धता एकत्र आहेत. जो कायदा दिवा लावतो, त्यानेच वाचनाची सोय करावी, हे त्यामागील तत्त्व होय.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने, म्हणजे स्पर्धा कायद्याच्या मार्गाने, पुढे आला. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाखल झालेल्या प्रकरणाची व्याप्ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात उपलब्ध न होणे हा त्यातील प्रमुख मुद्दा होता. या निर्णयाविरुद्ध कंपन्यांनी अपिलीय न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय येथे दाद मागितली. दंडाच्या आकारणीचा आधार २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या बाबतीत बदलला. तरीही निदानाचे उपकरण हा केवळ व्यापाराचा माल नसून कारागिराच्या उपजीविकेचा आधार आहे, ही बाब एका राष्ट्रीय संस्थेच्या निर्णयात प्रथमच इतक्या स्पष्टपणे नोंदली गेली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. मोटारवाहने आणि शेतीची अवजारे हे दोन्ही विभाग त्यात आहेत, ही गोष्ट मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

दरम्यान बाजाराने आपली वाट काढली. मोबाइलला जोडता येणारी स्वस्त स्कॅनर उपकरणे सर्वत्र मिळू लागली. त्यांनी समान संकेतांक वाचता येतात, त्यामुळे वाचनाची मक्तेदारी काही अंशी मोडली. परंतु कंपनीविशिष्ट संकेतांक, नवा इंजेक्टर संगणकाला ओळखविणे किंवा तुंबलेली जाळी सक्तीने स्वच्छ करविणे यांसाठी पुष्कळ वेळा कंपनीचे किंवा महागडे उपकरण लागते. शिवाय स्वस्त उपकरणाने एक नवी सवय जन्माला घातली. ती म्हणजे कारण न शोधता संकेतांक पुसून दिवा घालविणे. त्यासोबत साठविलेली माहितीही पुसली जाते आणि पुढच्या कारागिराला निदानाचा धागाच उरत नाही.

याचा भार अखेर कोणावर पडतो, हे सांगणे कठीण नाही. प्रवासी जीपचा चालक, ऊस वाहून नेणारा वाहनमालक किंवा कर्ज काढून गाडी घेतलेला तरुण यांना गाडी उभी राहण्याचा प्रत्येक दिवस तोट्याचा असतो. अधिकृत केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहून दूर असल्यास तेथवर जाण्याचा खर्च वेगळा. गावातील मिस्त्री जवळचा, ओळखीचा आणि परवडणारा असतो. त्याच्या हाती वाचनाचे साधन नसेल, तर सैल क्लिपसाठी टर्बोची किंमत मोजण्याची वेळ ग्राहकावर येऊ शकते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. इंजिनाच्या निदानातील बदल हा केवळ यांत्रिकतेकडून संगणकाकडे झालेला बदल नाही. सर्वांना खुल्या असलेल्या खुणांकडून उपकरणाशिवाय न वाचता येणाऱ्या खुणांकडे झालेला तो प्रवास आहे.

२. इशाऱ्याचा दिवा सार्वजनिक हवेच्या रक्षणासाठी कायद्याने निर्माण केला. म्हणून त्याच्या वाचनाचे साधन उपलब्ध करणे ही देखील सार्वजनिक जबाबदारी ठरते.

३. प्रदूषण मानके महानगरांकडून खेड्यांकडे टप्प्याटप्प्याने आली. गाड्या मात्र त्या क्रमाने थांबल्या नाहीत. परिणामी अनेक ठिकाणी दिवा आधी पोहोचला आणि वाचक नंतर.

४. टर्बो इंजिनाच्या शक्तिक्षयात संकेतांक हा निदानाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. पारंपरिक कारागिराचे हात-कानाचे ज्ञान आणि उपकरणाचे वाचन परस्परपूरक आहेत.

५. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये यांना येथे निश्चित भूमिका आहे. सामायिक निदान उपकरण, अल्पमुदतीचे वर्ग आणि मराठीतील संकेतांक-पुस्तिका यांद्वारे स्थानिक कारागिरांना वाचक बनविणे त्यांना शक्य आहे. जुन्या उस्तादांच्या निदानपद्धतीची नोंद घेणे हे इतिहास विभागांचे काम ठरते, कारण हे ज्ञान लिहिलेले नाही आणि ते अवगत असलेली पिढी वयोवृद्ध होत आहे.

१९९२ मध्ये किल्लारीच्या भूमीने दिलेल्या खुणा नोंदविणारे जाळे तेथे नव्हते. ते नंतर उभे करण्यात आले. वाहनाच्या दिव्याबाबत उपकरण आणि ज्ञान दोन्ही आज अस्तित्वात आहेत. ते रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत पोहोचविण्याचे काम तेवढे शिल्लक आहे.